स्तूप आणि लेणी : डागडुजी कशी करावी, कशी करू नये

बुद्धपौर्णिमा जवळ आली की आपल्या वस्त्यावस्त्यांतून कार्ल्याला, कान्हेरीला, अजिंठ्याला जाणाऱ्या बसगाड्या ठरू लागतात. लहानथोर सगळे जातात, वंदना होते, छायाचित्रे निघतात. परत येताना बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असते : "किती पडझड झाली आहे, कुणीतरी दुरुस्त करायला हवे." ही भावना रास्त आहे. परंतु जुन्या वास्तूंच्या बाबतीत 'दुरुस्ती' हा शब्द जपून वापरावा लागतो. ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे यांनी केलेले नुकसान तर डोळ्यांना दिसतेच. चांगल्या हेतूने आणि अपुऱ्या समजुतीने केलेल्या दुरुस्तीमुळे झालेले नुकसान मात्र पुष्कळदा लक्षातही येत नाही. ते लक्षात यावे, विशेषतः आपल्या विद्यार्थ्यांच्या लक्षात यावे, म्हणून हा लेख.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे 'जीर्णोद्धार' हा शब्द फार सैल हाताने वापरला जातो. जुने पाडायचे, त्या जागी नवे, मोठे, चकचकीत बांधायचे आणि त्याला जीर्णोद्धार म्हणायचे, अशी रीतच पडली आहे. यातून नवी वास्तू मिळते, पण जुनी कायमची जाते. देखभाल म्हणजे वास्तू बिघडू नये म्हणून नियमितपणे करावयाची लहानसहान कामे : गवत काढणे, पन्हळ मोकळी ठेवणे, फुटलेला दगडी सांधा भरणे. दुरुस्ती म्हणजे बिघडलेला भाग पुन्हा कामाचा करणे. आणि जतन म्हणजे मूळच्या कारागिराच्या हातचे जेवढे शिल्लक आहे तेवढे, शक्य तितके तसेच, पुढच्या पिढीच्या हाती देणे. जतनाच्या कामात आपण काय नवे केले यापेक्षा आपण कशाला हात लावला नाही याला अधिक महत्त्व असते.

प्राचीन काळची तरतूद

देखभालीची कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली असा एक समज आहे. तो खरा नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, सातवाहन राजघराण्याचे शिलालेख आहेत. गौतमी बलश्री या राजमातेने भिक्षुसंघासाठी हे लेणे दान दिले. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या काळातील लेखांत या लेण्याच्या निगराणीसाठी गावाचे उत्पन्न लावून दिल्याची नोंद आहे; एका गावाऐवजी दुसरे गाव दिल्याची राजाज्ञासुद्धा तेथे कोरलेली आहे. म्हणजे लेणे खोदून झाले की काम संपले असे त्या लोकांनी मानले नाही. वास्तू उभी राहते एकदा, पण तिच्यावर खर्च दर वर्षी करावा लागतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

त्याच डोंगरात दहाव्या लेण्यातील उषवदाताचा लेख तर आजच्या कोणत्याही संस्थेच्या खजिनदाराने मुद्दाम वाचावा असा आहे. नहपान या क्षत्रपाचा हा जावई. त्याने संघासाठी ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, दिली. त्यांपैकी २,००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने ठेवले आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी पैसे द्यायचे, अशी व्यवस्था. विहार बांधण्यासाठी वर्गणी गोळा करण्याचा उत्साह आपल्याकडे पुष्कळ असतो, पण बांधलेल्या विहाराच्या देखभालीसाठी वेगळी ठेव ठेवणाऱ्या संस्था किती आहेत, हे ज्याचे त्याने पाहावे.

पाण्याचा विचारही त्या स्थपतींनी केलेला दिसतो. कान्हेरीला लेण्यालेण्यापाशी कोरलेली टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. डोंगरावरून येणारे पाणी कोरीव पन्हळींनी या टाक्यांत वळवले जाई. त्यामुळे पिण्याचे पाणी मिळे, आणि तेच पाणी दर्शनी भागावरून ओघळून लेणे खराबही करीत नसे. पन्हळ बुजली, टाके गाळाने भरले, की पाणी आपली वाट स्वतः शोधते. ती वाट बहुधा लेण्याच्या छतातूनच असते.

सांचीचा धडा

दुरुस्ती चुकीची कशी होते आणि बरोबर कशी होते, ही दोन्ही उदाहरणे एकाच ठिकाणी पाहायची असतील तर मध्य प्रदेशातील सांचीला जावे.

सांचीचा मोठा स्तूप मुळात सम्राट अशोकाच्या काळी विटांचा होता. पुढे शुंगकाळात त्यावर दगडी आवरण घालून तो जवळजवळ दुप्पट करण्यात आला. त्यानंतर सातवाहनकाळात चार दिशांची चार तोरणे उभी राहिली. दक्षिण तोरणाच्या सर्वांत वरच्या तुळईवर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीचा पुत्र आनंद, याच्या दानाचा लेख आहे. महाराष्ट्रातल्या आपल्या वाचकांना म्हणूनही सांची परकी वाटायला नको. अर्धगोलाचा व्यास साधारण ३६ मीटर आणि उंची १६ मीटरांच्या वर आहे. एवढी भरीव वास्तू शेकडो वर्षे ओसाड पडूनही टिकून राहिली. १८१८ साली जनरल टेलर तेथे पोहोचले तेव्हा दक्षिणेचे तोरण पडलेले होते, पण बाकीची तीन उभी होती आणि घुमट शाबूत होता.

खरे नुकसान त्यानंतर झाले. १८२२ साली भोपाळच्या पोलिटिकल एजंटचे सहायक कॅप्टन जॉन्सन यांनी आत काही सापडते का हे पाहण्यासाठी स्तूप एका बाजूने वरपासून खालपर्यंत फोडला आणि तसाच सोडून दिला. त्या भगदाडामुळे पश्चिमेचे तोरण आणि कठड्याचा काही भाग कोसळला. शेकडो वर्षांच्या पावसाने जे केले नव्हते ते एका खोदकामाने केले. १८५१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम आणि कॅप्टन मेझी यांनी येथील स्तूप पुन्हा उघडले. तिसऱ्या स्तूपात सारिपुत्त आणि मोग्गल्लान या अग्रश्रावकांचे धातू मिळाले. ते पुढे इंग्लंडला गेले. तेथून ते १९४७ मध्ये श्रीलंकेत आणि नंतर भारतात परत आले, आणि १९५२ मध्ये सांचीच्या नव्या चेतियगिरी विहारात त्यांची प्रतिष्ठापना झाली. सांचीचा अशोकस्तंभ मात्र त्याहून कमनशिबी. त्याचे तुकडे एका स्थानिक जमीनदाराने उसाच्या चरकासाठी नेले होते असे सांगतात.

पहिली मोठी दुरुस्ती १८८१ ते १८८३ या काळात मेजर कोल यांनी केली. यांनीच पूर्वी, १८६९-७० च्या सुमारास, पूर्व तोरणाचा प्लास्टरचा साचा काढून घेतला होता. त्यावरून केलेली प्रतिकृती लंडनच्या संग्रहालयात उभी राहिली. मूळ तोरण जागेवर राहिले, हे आपले भाग्यच. कोल यांनी झाडी तोडली, भगदाड बुजवले आणि पडलेली दक्षिण व पश्चिम तोरणे पुन्हा उभी केली. काम मोठे होते आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु दक्षिण तोरणाची सर्वांत वरची आणि सर्वांत खालची अशा दोन तुळया उलट्या बसल्या : ज्या बाजूवर अधिक भरगच्च कोरीवकाम आहे ती बाहेर यायची ती आत, स्तूपाकडे, गेली. बुद्धधातूंसाठी राजांनी कुसिनारेला दिलेल्या वेढ्याचे प्रसिद्ध दृश्य म्हणूनच आज तोरणाच्या आतल्या अंगाला पाहावे लागते. विद्यार्थ्यांनी सांचीला गेल्यावर हे मुद्दाम पाहावे. पडलेला दगड कोठे पडला होता, कोणते तोंड कोणत्या दिशेला होते, याची नोंद आणि रेखाटन उचलण्यापूर्वी झाले नाही तर काय होते, ते या तोरणात कायमचे दिसते.

त्यानंतर १९१२ ते १९१९ या काळात पुरातत्त्व खात्याचे महासंचालक जॉन मार्शल यांनी जे काम केले ते आजही अभ्यासण्यासारखे आहे. मोठ्या स्तूपाचा नैर्ऋत्येकडचा भाग ढासळण्याच्या बेतात होता. तो वरून लेप लावून झाकण्याऐवजी त्यांनी उतरवून घेतला आणि नव्याने रचला. माथ्यावरची हर्मिका आणि छत्र पुन्हा बसवले, कठडे जागच्या जागी उभे केले. अठराव्या क्रमांकाच्या मंदिराचे उंच खांब कलले होते, ते सरळ केले. तिसऱ्या स्तूपाचा घुमट पुन्हा बांधला. याशिवाय एक काम केले, ज्याच्याकडे पाहुण्यांचे लक्ष सहसा जात नाही : टेकडीवरच्या पाण्याचा निचरा. पावसाचे पाणी वास्तूच्या पायाशी साचू नये म्हणून जमिनीला उतार दिला आणि पाण्याला बाहेर वाट करून दिली. माझ्या मते सांचीच्या जतनातले हे सर्वांत मोलाचे काम आहे, पण त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. मार्शल यांनी पुढे १९२३ मध्ये जतनाच्या कामाची एक नियमपुस्तिकाच प्रसिद्ध केली आणि ती अनेक वर्षे खात्यात प्रमाण मानली गेली.

पाणी, चुना आणि सिमेंट

दगडी किंवा विटांच्या जुन्या वास्तूचा पहिला शत्रू पाणी. भिंतीत ओल शिरली की तिच्याबरोबर क्षार येतात. ओल वाळते तेव्हा क्षार पृष्ठभागाजवळ स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचे, विटेचे पापुद्रे सुटतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. लोणा वरून खरवडून रंग मारला तर दोन पावसाळ्यांत तो पुन्हा वर येतो, कारण पाणी कोठून शिरते हे कोणी पाहिलेलेच नसते.

जुने बांधकाम चुन्याचे असे. चुनखडी भट्टीत भाजायची, ती पाण्यात विरवायची, मुरू द्यायची, मग वाळू किंवा विटांची भुकटी घालून बैलाच्या घाणीत मळायची. काही ठिकाणी गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणीही घालीत. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीचा दगड बनतो. तो थोडा मऊ असतो, किंचित लवचीक असतो, आणि त्यातून ओल बाहेर पडू शकते. सिमेंटचे तसे नाही. ते लवकर आणि फार कडक होते, ओल सहजी बाहेर सोडत नाही आणि त्यात स्वतःचे क्षारही असतात. जुन्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरल्या की आतली ओल सांध्यातून निघण्याऐवजी दगडातून किंवा विटेतून निघू लागते आणि झिजायचा सांधा शाबूत राहून दगडच कुजतो. सांधा दर पन्नास वर्षांनी पुन्हा भरता येतो. सातवाहनकाळचा दगड कोठून आणणार? म्हणूनच सांध्यात भरायचा माल दगडापेक्षा मऊ असावा, असा जतनाच्या कामातला साधा नियम आहे. गवंडी कितीही अनुभवी असला तरी आज बहुतेकांचा हात सिमेंटवर बसलेला असतो. चुन्याचे काम येणारा माणूस शोधावा लागतो.

दुसरा शत्रू झाड. पिंपळ, वड, उंबर यांची बी पक्ष्यांच्या विष्ठेतून भेगेत पडते आणि मूळ आत शिरले की पाचरीसारखे काम करते. पिंपळ म्हणजे बोधिवृक्ष, त्याला हात कसा लावायचा, असा संकोच आपल्या लोकांना होतो हे मी पाहिले आहे. रोप बोटभर असतानाच ते हलक्या हाताने काढून कुंडीत किंवा मोकळ्या जागी लावावे. झाडही जगते आणि भिंतही. खोड मनगटाएवढे झाले की मात्र ओढून काढू नये. त्याच्याबरोबर भिंतीचे दगड निघून येतात. संरक्षित वास्तूवर तर हे काम खात्याच्या माणसांनीच करायचे असते.

अजिंठ्याची चित्रे

लेण्यांची गोष्ट थोडी निराळी. ती बांधलेली नाहीत, कोरलेली आहेत. त्यामुळे सांध्यांचा प्रश्न कमी, पण कातळातल्या भेगांचा मोठा. अजिंठ्याला त्यात चित्रांची भर. कातळावर माती, वाळू, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग, असे हे काम आहे. भेगांतून पाणी झिरपले की गिलावा कातळापासून सुटतो. गिलाव्यातला पालापाचोळा किड्यांना खाद्य होतो. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत आणि त्यामुळे किड्यांपासून तो अधिक सुरक्षित राहिला असावा, असे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना येथे पुष्कळ काम आहे.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडल्यानंतर चित्रांच्या नकला काढण्याचे काम सुरू झाले. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून काढलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी पुन्हा नकला केल्या; त्यांतल्याही अनेक १८८५ च्या आगीत जळाल्या. नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर रोगण फासले गेले. त्या दिवसापुरती चित्रे चकाकली, पण पुढे ते रोगण काळवंडले.

निजामाच्या राजवटीत, १९२० ते १९२२ मध्ये, लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावण्यात आले. त्यांनी सुटलेला गिलावा कातळाला पुन्हा चिकटवला, कडा बांधून घेतल्या. हे काम झाले नसते तर आज दिसणारी किती चित्रे जमिनीवर आली असती याची कल्पना करवत नाही. पण त्यांनीही शेलॅक, म्हणजे लाखेचे रोगण, वापरले. आणि त्याचाही थर कालांतराने पिवळा-तपकिरी झाला. स्वातंत्र्यानंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली तेव्हापासून त्याच्या रसायनशाखेचे एक प्रमुख काम हे जुने रोगण, धूर आणि वटवाघळांची घाण इंचाइंचाने उतरवण्याचे आहे. त्या काळच्या जगातल्या उत्तम तज्ज्ञांनी उत्तम समजून वापरलेला पदार्थ पुढच्यांना काढावा लागला. म्हणून आजचे तज्ज्ञ लागू पडेल त्या पदार्थापेक्षा पुढे काढता येईल असा पदार्थ निवडतात. नवे काम जुन्यापेक्षा ओळखू येईल असे ठेवण्याचा दंडकही त्यातलाच. पडलेल्या खांबांच्या जागी बसवलेले साधे, कोरीवकाम नसलेले खांब पाहून 'नक्षी का नाही केली' असे लोक विचारतात. नक्षी केली असती तर पाचव्या शतकातले काय आणि विसाव्या शतकातले काय, हे सांगता आले नसते.

आता आपल्याविषयी. गर्दीच्या श्वासातून लेण्यात बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. चित्रांच्या लेण्यात एका वेळी मोजकीच माणसे सोडतात ती याच कारणाने. रांगेत उभे राहावे लागले तर पहारेकऱ्याशी वाद घालू नये. कार्ल्याच्या आणि भाज्याच्या चैत्यगृहांत छताला ज्या लाकडी कमानी दिसतात त्या मूळच्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. कार्ल्याच्या स्तूपावरचे छत्रही लाकडाचेच. तेथे मेणबत्त्या, अगरबत्त्या, कापूर लावणे म्हणजे काजळी आणि आगीचा धोका दोन्ही. वंदना मनापासून म्हणावी, फुले ओंजळीत न्यावीत आणि निघताना परत आणावीत. मूर्तीला तैलरंग देणे, सोनेरी मुलामा चढवणे, शिलालेखावर खडू फिरवून अक्षरे उठावदार करणे, भिंतीवर शाखेचे नाव लिहिणे, हे सर्व श्रद्धेपोटी होत असले तरी कायद्याने गुन्हा आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाचे नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तसेच अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी घेऊनच बांधकाम, असा नियम आहे. लेण्याच्या पायथ्याशी निवारा किंवा प्रार्थनागृह बांधण्याचा संकल्प सोडण्यापूर्वी संस्थांनी हे तपासून घ्यावे.

मग आपण काहीच करू नये का? करण्यासारखे पुष्कळ आहे, फक्त थापी आणि ब्रश हाती न घेता. लेण्याला वर्षातून दोनदा जावे : एकदा मृग लागण्यापूर्वी, एकदा दिवाळीनंतर. पन्हळी बुजल्या आहेत का, छताला नवी ओल आहे का, भेगेत रोप उगवले आहे का, हे पाहावे. भेगेवर काचेची छोटी पट्टी चिकटवलेली दिसली तर तिला हात लावू नये. भेग वाढली की ती पट्टी तडकते आणि अभियंत्यांना कळते. जे दिसेल त्याचे छायाचित्र घ्यावे, शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवावे म्हणजे आकार समजतो. लेणे क्रमांक, खांब डावीकडून कितवा, तारीख, एवढे लिहून पत्र पाठवावे. केंद्राच्या संरक्षणाखालील स्मारकांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची महाराष्ट्रात मुंबई, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) आणि नागपूर येथे मंडळ कार्यालये आहेत. राज्य संरक्षित स्मारके राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे येतात. पत्राची आणि छायाचित्राची एक प्रत संस्थेच्या दप्तरी ठेवावी, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी उभे राहून पुन्हा छायाचित्र घ्यावे. दोन्ही शेजारी ठेवली की भेग किती सरकली ते शाळकरी मुलालाही सांगता येते.